मेंढरं बसवणारी स्क्रिप्ट

आप्पांचं खुब्याचं हाड मोडलं त्या दिवशी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "सांजच्या आत घरी सोडताल न्हवं?"

डॉक्टर तरुण होते. म्हातारा घाबरलाय असं समजून त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ऑपरेशन, साखर आटोक्यात आणणं, नंतरचा आराम, सगळं नीट समजावून सांगितलं. आप्पांनी ते ऐकून घेतलं आणि मान माझ्याकडे, लेकीकडे, वळवली. "मग मेंढरं कोन बसवणार?"

"किती मेंढरं आहेत आजोबांकडे?" डॉक्टरांनी कौतुकानं मला विचारलं.

"कॉम्प्युटरवर आहेत," मी म्हणाले. त्यानंतर आप्पांच्या डोक्याला मार लागलाय का, हेही त्यांनी तपासून घेतलं.

मला मात्र हसू येत नव्हतं. मी मुळातच एका जागी न ठरणारी बाई. ऑफिसात फोनवर बोलतानाही मी खुर्ची सोडून येरझाऱ्या घालते आणि बाकीचे वैतागतात. त्या दिवशी दवाखान्याच्या बोळात मी इतक्या चकरा मारल्या की झाडूवाल्या मावशींनी मला दोनदा बाजूला केलं. हाड जुळेल, याची मला खात्री होती. मेंढरांचं काय होईल, याची नव्हती. आणि मेंढरं म्हणजे नुसती मेंढरं नव्हेत, हे त्या दवाखान्यात आम्हा दोघांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

आमचं मूळ घर सांगोल्याच्या बाजूचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. संध्याकाळ झाली की कळप कोणाच्या तरी रानात बसवायचा, रात्रभरात जमिनीला लेंड्यांचं खत मिळतं, सकाळी कळप पुढं न्यायचा, असं ते आयुष्य. आजोबा गेल्यावर आप्पांनी आपल्या वाट्याचा कळप विकला आणि सोलापूर गाठलं, यंत्रमागाच्या कारखान्यात लागले. कळप विकला तो बाहेरच्या व्यापाऱ्याला. आप्पांचे धाकटे भाऊ, ज्यांना मी नाना म्हणते, त्यांना तो हवा होता. त्यांनी तसं सांगितलंही होतं. "सख्ख्या भावाशी घासाघीस कशी करायची," हे आप्पांचं म्हणणं. "मला परक्याहून परका केला," हे नानांचं. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचाही सारखाच संताप येतो. तेव्हापासून बोलणं बंद. आई गेली तेव्हा नाना मातीला आले, हात जोडून उभे राहिले आणि एक शब्द न बोलता परतीच्या एसटीला गेले.

आप्पा कारखान्यातून निवृत्त झाले, आई गेली, आणि ते दिवसभर भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसायला लागले. मी कुठंही निघाले की, "कुटं चाललीस? कवा येनार?" मी सात रस्त्याजवळच्या एका ऑफिसात सूत-साठ्याचे प्रोग्राम लिहिते. तिथं पोहोचेपर्यंत तीन फोन. शेवटी घरच्या कॉम्प्युटरवर मी त्यांना एक खेळ बसवून दिला. प्रेमापोटी दिला असं म्हणायला मला आवडेल, पण खरं म्हणजे माझ्या मागचा ससेमिरा थांबावा म्हणून दिला.

खेळ साधा होता. प्रत्येकाला एक रान, एक कळप, एक विहीर. संध्याकाळी आपला कळप शेजाऱ्याच्या रानात बसवता येतो आणि सकाळी परत आणता येतो. शेजाऱ्याचं पीक जोमानं वाढतं. त्यासाठी शेजाऱ्यानं आपलं फाटक उघडायला हवं. बंद असेल तर हाक मारायचं एक बटण असतं, ते दाबलं की शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवर मेंढरू ओरडतं. बरेच दिवस कोणी फिरकलं नाही तर मेंढरं पांगतात, रानात गवत माजतं आणि ते शेजाऱ्यालाही दिसतं. आप्पा आधी नाक मुरडत होते. "आसली कसली मेंढरं, वास न्हाय न काय न्हाय." पण आठवड्याभरात त्यांनी रानाला नाव दिलं, ओढ्याकडचं रान. आमच्या गावाकडच्या जमिनीच्या एका तुकड्याचं हे नाव.

पुढं एके दिवशी शेजारच्या मोकळ्या जागेत नवं रान आलं. त्यावर लिहिलं होतं, जोडबाभळीचं रान. आप्पा चहाचा कप तोंडापाशी धरून तसेच थांबले. ओढ्याकडच्या रानाला लागूनच जोडबाभळीचं रान होतं, वाटणीत नानांकडं गेलेलं. त्या खेळात सगळ्यांची रानं नावासकट यादीत दिसतात आणि शेजार कोणाचा घ्यायचा हे ज्याचं त्याला निवडता येतं. म्हणजे नानांनी नाव वाचलं, ओळखलं, आणि येऊन शेजारी बसले.

त्या संध्याकाळी आप्पांनी सगळा कळप त्यांच्या फाटकापाशी नेऊन उभा केला. हाक मारली नाही. नुसते बसून राहिले. मी मागं भाकरी करता करता मान वळवून पडद्याकडे बघत होते. मग फाटक उघडलं. आप्पांनी मेंढरं आत घातली, कॉम्प्युटर बंद केला आणि जेवायला बसले. जेवताना शेंगाचटणी दोनदा मागून घेतली.

तेव्हापासून हे रोजचं झालं. खेळात एकमेकांशी लिहून बोलायला जागा आहे. ती दोघांनीही कोरी ठेवली. एकानं मेंढरं न्यायची, दुसऱ्यानं फाटक उघडायचं. इतकंच त्यांचं नातं शिल्लक होतं आणि ते कॉम्प्युटरमध्ये होतं.

म्हणून दवाखान्यात आप्पांनी माझं मनगट धरलं. "म्या न्हाय गेलो तर त्याला वाटंल म्या सोडलं. परत एकदा म्याच सोडलं."

"मी नानांना फोन करते. पडलात म्हणून सांगते."

"खबरदार! हाड मोडलं म्हनून भाऊ आठवला, आसं व्हता कामा न्हाय." त्यांच्या कपाळावरची शीर उठली होती. मी वाद घातला नाही. आमच्या घरात हट्ट हा वाटणीत सगळ्यांना सारखाच आला आहे.

संध्याकाळी मी स्वतः खेळले असते. पण संध्याकाळीच दवाखान्यात आप्पांचं इंजेक्शन, जेवण, डॉक्टरांची फेरी, आणि खेळ इतका जुना की फोनवर चालत नाही. मग मी जे मला येतं ते केलं. स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे माणसाऐवजी कॉम्प्युटरनंच माऊस हलवायचा, त्यासाठी त्याला लिहून दिलेल्या सूचना. फाटकाचा रंग बघ, हिरवं असेल तर उघडं आहे, मेंढरं एकेक करून आत ने, सकाळी परत आण, आणि काय झालं ते माझ्या फोनवर कळव. पहिल्या संध्याकाळी दवाखान्यात स्टुलावर बसले असताना फोनवर 'बसली' असा निरोप आला. मी आप्पांना दाखवला. त्यांनी तो डोळे बारीक करून वाचला आणि मग मुकाट्यानं भात खाल्ला.

भवानी पेठेत वीज जाणं ही काही बातमी नसते. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी ती गेली. मेंढरं नुकतीच नानांच्या रानात पोहोचली होती. वीज आली, कॉम्प्युटर आपोआप चालू झाला, स्क्रिप्टही आपोआप चालू झाली. पण तिला काहीच आठवत नव्हतं. आपण काय केलं, हे सगळं तिनं तात्पुरतं डोक्यात ठेवलं होतं आणि वीज गेल्याबरोबर ते डोकंच पुसलं गेलं होतं. तिच्या लेखी संध्याकाळ नुकतीच सुरू होत होती. मेंढरं न्यायचं आणि आणायचं बटण त्या खेळात एकच. तिनं ते पुन्हा दाबलं आणि बसवलेली मेंढरं उठवून घरी आणली. वर मला निरोप पाठवला, 'बसली.'

पहाटे, मेंढरं परत आणायची वेळ व्हायच्या आधीच, मी घरी जाऊन पडद्यावर बघितलं. आमची मेंढरं आमच्या रानात आणि नानांचं फाटक सताड उघडं. येतील म्हणून रात्रभर तसंच ठेवलेलं. मेंढरं येऊन, टेकून, परत गेली, याचा अर्थ नानांनी काय लावला असेल? त्या संध्याकाळी फाटक उघडायला रोजच्यापेक्षा फार वेळ लागला. मी बोळातून दवाखान्याच्या दारापर्यंत आणि दारातून बोळात अशा फेऱ्या मारत फोनकडे बघत राहिले. शेवटी उघडलं. आप्पांना मी यातलं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि स्क्रिप्टला डेटाबेस जोडला. ऑफिसात हेच तर करते मी, सुताची पोती कुठल्या गोदामातून कुठं गेली याचे तक्ते. आता मेंढरांचे तक्ते केले. डोक्यात काही ठेवायचं नाही, सगळं डिस्कवर लिहायचं, म्हणजे वीज गेली तरी लिहिलेलं राहतं. वाटलं होतं दुपारपर्यंत संपेल. पण एका गोष्टीनं मला संध्याकाळपर्यंत धड बसू दिलं नाही. आधी लिहायचं की आधी करायचं?

'मेंढरं नेली' असं आधी लिहिलं आणि न्यायच्या आत वीज गेली, तर परत आल्यावर स्क्रिप्ट समजणार की काम झालंय. मेंढरं घरीच राहणार. आधी नेली आणि लिहायच्या आत वीज गेली, तर ती परत उठवून आणणार. घराला कुलूप लावून कोपऱ्यावर आल्यावर गॅस बंद केला का ते आठवत नाही, तसलीच ही गत. शेवटी मी दोनदा लिहायचं ठरवलं. निघताना 'निघतेय', पोहोचल्यावर 'पोहोचली'. मध्येच अंधार झाला तर उठल्यावर 'निघतेय' एवढंच दिसेल, मग अंदाज करायचा नाही, पडद्यावर डोळे उघडून बघायचं की मेंढरं खरोखर कुठं आहेत. हे सुचल्यावर मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. शेजारच्या मागाचा खडखडाट चालू होता, कोणी ऐकलं नाही.

मग दवाखान्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन आप्पांची उलटतपासणी केली. मेंढरं कशी नेता? आधी कोण? आप्पांना फारच सुख झालं. इतकी वर्षं त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. वेदना विसरून ते सांगत राहिले.

"काळतोंडी हाय न्हवं, ती पयली घाल. तिच्या मागं बाकीची गपगार जात्यात. लंगडीला मधी ठेव. दीस उगवायच्या आत परत आन, दुसऱ्याच्या रानात ऊन खात बसू न्हाई. आन फाटक उगडल्याबिगर घुसायचं न्हाय."

"आणि नाही उघडलं तर?"

"हाक मार. थांब. परत हाक मार. दमानं. त्यो उगडतोच."

मी प्रत्येक गोष्टीला तक्त्यात रकाना केला. काळतोंडी, लंगडी, पहाटेची वेळ, हाक, हाकेनंतर थांबायचा वेळ. "अजून काही?" मी विचारलं. त्यांनी छताकडे बघून विचार केला. "बस. येवडंच."

पुढं सगळं सुरळीत झालं. वीज गेली, आली, पुन्हा गेली, स्क्रिप्ट उठून बघायची आणि राहिलेलं काम पुरं करायची. ऑपरेशन झालं. जखम साखरेमुळं सावकाश भरत होती, पण आप्पांचा सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला, "बसली का?" मी "बसली" म्हटलं की मगच ते दात नसलेल्या बाजूनं उप्पीट चावायला लागायचे. मला माझं कौतुक वाटायला लागलं होतं. ऑफिसात एकीला तर मी ते तक्ते उघडून दाखवलेही.

आणि मग ती संध्याकाळ आली. आप्पांना भरवताना फोन वाजला. 'फाटक बंद. हाक दिली.' थोड्या वेळानं परत, 'फाटक बंद. हाक दिली.' नाना जरा उशीर करत असतील म्हणून मी फोन उलटा ठेवला. पण तो थरथरतच राहिला. हाक मारायची, थांबायचं, परत हाक मारायची, असं मीच तिला शिकवलं होतं आणि आता ती विसरतही नव्हती. मी बाहेर येऊन जिन्याच्या पायऱ्या खालीवर करायला लागले. स्क्रिप्टला रंग ओळखता येत नसेल. खेळच बिघडला असेल. नाना बाहेरगावी गेले असतील. पण मेंढरं बंद फाटकापाशी उभी होती आणि ओरडत होती, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

सकाळी आप्पांनी विचारलं, "बसली का?"

मी "हो" म्हणू शकले असते. तसं ठरवूनही आले होते. पण आधीच एकदा लपवलं होतं, आता दुसरं खोटं मला पेललं नाही. "फाटक बंद होतं, आप्पा. सारखी हाक दिली. उघडलं नाही."

आप्पांनी विचारलं, "किती येळ?"

"रात्र होईपर्यंत."

"म्हंजे त्यानं सोडलं," ते म्हणाले. "बरं झालं. सुटलो." आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. उप्पिटाला हात लावला नाही. चालायला शिकवणाऱ्या बाई आल्या, त्यांना हातानंच परत पाठवलं. मी पाठीवर हात ठेवला तर खांदा झटकला. म्हातारा माणूस भिंतीकडं तोंड करून पडला की खोलीत काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. मला फक्त तिथून पळावंसं वाटलं.

मी ऑफिसात गेले. दोन ओळी लिहिल्या आणि तिन्ही चुकल्या म्हणाव्यात इतकं बिघडवून ठेवलं. नानांचा असा राग आला होता की समोर असते तर ओरडले असते. इतकी वर्षं राखलं आणि माणूस खाटेवर पडल्यावर सोडलं? मग आठवायचं की त्यांना कुठं माहीत आहे खाटेवर पडल्याचं. मग आप्पांचा राग यायचा, मग स्क्रिप्टचा. दुपारी राहवेना म्हणून रिक्षा करून घरी गेले. डेटाबेस उघडला. हाकांच्या ओळीवर ओळी. प्रत्येक हाकेच्या वेळचं पडद्याचं चित्र तिनं जपून ठेवलं होतं. चूक नव्हती. फाटक खरंच बंद होतं.

तेवढ्यात दार वाजलं.

दारात नाना उभे होते. डोक्याला पटका, डोळ्यांना काळा चष्मा, एक हात काठीवर आणि एक सुनेच्या खांद्यावर. माझ्या चुलतभावाची ही बायको मी फक्त लग्नाच्या फोटोत पाहिली होती. मी "नाना?" म्हणाले तसं त्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

"पोरी," ते म्हणाले, "दादा कवा वारला?"

"नाही, नाना. आप्पा आहेत. दवाखान्यात आहेत, खुब्याचं हाड मोडलंय. पण आहेत."

"खरं सांग."

"आईशप्पथ."

ते उंबऱ्यावरच बसले. काठी हातातून सुटून पायरीवरून खाली गेली. वहिनींनी ती उचलून आणली आणि त्याच बोलल्या, "काल सांजपास्नं दुकानात मेंढरू वरडतंय, ताई. माझं झेरॉक्सचं दुकान हाय न्हवं घराच्या पुढल्या अंगाला, त्या कॉम्प्युटरवर. गिऱ्हाईक हसाय लागलं. आवाज बंद करू का म्हनलं, तर मामंजी म्हनलं, थांब. आन मग हुंदकं देऊनच रडाय लागलं. सकाळी मिळंल त्या गाडीनं निगालो."

"पण फाटक का नाही उघडलंत?" माझा आवाज चढलाच.

"काल अवस हुती," नाना म्हणाले.

अवस म्हणजे अमावस्या, एवढं मला कळलं.

"अवसंला आमी मेंढरं वाड्याभाईर काढत न्हाय. बापानं काढली न्हाईत, आज्यानं काढली न्हाईत. दादा त्या खेळात सुदिक अवसंला कदी आला न्हाय, म्या कदी फाटक उगडलं न्हाय. आन काल हाकंवर हाक. म्या म्हनलं, दादा जित्ता आसता तर अवसंला माज्या दारात मेंढरं घिऊन आला नसता. दादाच्या मागं दुसरंच कुनीतरी हाकतंय."

दर महिन्यात एका संध्याकाळी आप्पा कॉम्प्युटर लावून मेंढरांना नुसता पाला टाकायचे आणि उठायचे. मी ते पाहिलं होतं. कंटाळले असतील असं वाटायचं मला. आणि मी विचारलं तेव्हा त्यांनी काळतोंडी सांगितली, लंगडी सांगितली, अमावस्या सांगितली नाही. पाणी ओलं असतं हे कोणी कोणाला सांगतं का? दवाखान्यात दिवसरात्र तोच ट्यूबलाइट, तिथी त्यांना तरी कुठून कळणार होती. मी भवानी पेठेत वाढलेली, मला अमावस्या म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरातला काळा गोळा.

"तुमचे डोळे काय झाले, नाना?"

"ऊन लई हाय," ते म्हणाले. वहिनींनी मागून मान हलवली. दवाखान्यात जायला रिक्षात बसताना त्यांनी मला हळूच सांगितलं. काचबिंदू. आता काहीच दिसत नाही. फाटक वहिनीच उघडतात. नाना शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि विचारतात, "आली का?" आली म्हटलं की उठून जेवायला जातात. "थोरल्या मामंजीस्नी कळू द्यायचं न्हाय म्हनून बजावलंय," त्या म्हणाल्या. मला आधी हसू आलं आणि मग रिक्षाच्या दांड्याला धरून मी रडले. इतके दिवस माझी स्क्रिप्ट मेंढरं नेत होती आणि वहिनी फाटक उघडत होत्या. त्या रानात दोघांपैकी एकही भाऊ नव्हता.

आप्पा अजून भिंतीकडंच तोंड करून होते. नानांनी हातानं चाचपत खाटेचा गज धरला.

"काय रं दादा, अवसंला मेंढरं घिऊन येतोस व्हय?"

आप्पांची पाठ हलली नाही. मग भिंतीकडूनच आवाज आला, "कसली अवस?"

"कालची."

दुखत असतानाही आप्पा कुशीवर वळले आणि आधी माझ्यावर घसरले. "अवसंला काढलीस मेंढरं? आक्कल हाय का? बापजाद्यात कुनी काढली न्हाईत आन तू काढलीस?" अख्खा वॉर्ड बघत होता. इतकं मनापासून ते मला कित्येक दिवसांत बोलले नव्हते. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मला फार बरं वाटत होतं. मग ते थांबले. त्यांचं लक्ष चष्म्याकडं गेलं होतं.

"ह्यो कसला चष्मा?"

"ऊन लई हाय भाईर."

आप्पांनी हात उचलला आणि नानांच्या तोंडासमोर हलवला. नाना तसेच उभे. आप्पांचा हात हवेत राहिला, मग गजावरच्या नानांच्या हातावर आला. "आन मला सांगितलं न्हाईस," ते म्हणाले.

"तू तरी कुटं सांगितलंस?"

मग फार काही झालं नाही. थोड्या वेळानं त्या व्यापाऱ्याचा विषय निघाला आणि दोघंही तापले. नर्सनं दोघांना गप्प केलं. नाना मुक्कामाला राहतील असं मला वाटलं होतं, पण ऊन उतरल्याबरोबर ते उठले. "जातो. सांजच्याला फाटक उगडायचं हाय."

"जा, जा," आप्पा म्हणाले. "पाठवतो मेंढरं." आणि मला ताट वाढायला लावलं.

आप्पा आता घरी आहेत, वॉकर घेऊन मोरीपर्यंत जातात. मी त्यांना म्हटलं, तुमचे हात धड आहेत, स्क्रिप्ट काढून टाकते. ते नको म्हणाले. ते खुर्ची टाकून बसतात, माऊस आपोआप हलतो, आणि ते शेजारून सूचना देत राहतात, ज्या त्याला ऐकू येत नाहीत. डेटाबेसमध्ये मी तिथींचा एक नवा तक्ता घातला. अमावस्या असेल तर मेंढरं हलवायची नाहीत, हाक द्यायची नाही.

मग पुढची अमावस्या आली. स्क्रिप्टनं तक्ता वाचला आणि मला कळवलं, 'आज मेंढरं घरीच.' आप्पा सवयीनं येऊन पडद्यापुढं बसले. पडद्यावर काहीच हलत नव्हतं. ते उठले, बसले, वॉकर पुढं सरकवला, मागं घेतला. संध्याकाळ त्यांना कशी घालवावी ते कळेना, आणि मलाही. मी दोन वेळा चहा टाकला. तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनींचा नंबर होता, आवाज नानांचा. मी फोन आप्पांच्या कानाशी धरला.

"दादा, आज मेंढरं यायची न्हाईत," नाना म्हणाले.

"न्हाईत."

पलीकडं नाना खाकरले. "म्हनून म्हनलं, फोन करावा."

"मग बोल की," आप्पा म्हणाले, आणि मला हातानं बाहेर जायची खूण केली.